घसारा न मानणारं इंजिन

हॉर्नबीची ‘डब्लो’ ही छोटेखानी आगगाडी इंग्लंडात १९३८ साली आली. १९६४ मध्ये कंपनी लाइन्स ब्रदर्सकडे गेली नि डब्लोचं उत्पादन थांबलं. इंजिनं मात्र थांबेनात! मोटरीतला कार्बन ब्रश झिजला की शौकीन मंडळी स्क्रू काढतात, नवा बसवतात, गाडी सुरू. एखादा भाग मिळालाच नाही, तर दुसरं बंद इंजिन विकत घेऊन त्यातून काढतात. नेत्रदानच म्हणा ना!

हल्लीची इंजिनं देखणी, रिव्हेट न् रिव्हेट मोजून घ्यावा. पण मोटर बहुधा सीलबंद. ती गेली, तशी दुसरी मिळाली नाही, की इंजिन शोकेसमध्ये.

आमच्या बँकेच्या हिशेबात घसाऱ्याने डब्लोची किंमत केव्हाच शून्य झाली असती. तरी आमचं मत तिलाच. गिऱ्हाइकाला स्क्रूड्रायव्हर लावायला जागा ठेवली, ते इंजिन चांगलं.