देवाचा वाटा

आप्पांची गोष्ट कोजागिरीला असायची. आप्पा म्हणजे माझे थोरले काका. ज्यांनी चारकोप पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: इथे 1980च्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीने म्हाडाने छोटे छोटे प्लॉट पाडून दिले आणि लोकांनी त्यावर आपापली घरं बांधली. घरं चिकटून, आणि मधे एक सामाईक अंगण. आमच्या सोसायटीत अर्ध्याहून जास्त माणसं तळकोकणातली. त्या अंगणात चटई टाकून, दुधाचं पातेलं उतरलं की आप्पा बसायचे, आणि कोणीतरी मूल म्हणायचं, ‘आप्पा, भेकराची सांगा.’

गोष्ट 1979च्या शिमग्यानंतरची. कणकवली तालुक्यातलं आमचं गाव. रान सुकलेलं, चौदा माणसं, पाच कुत्रे आणि एक ठासणीची बंदूक. बंदूक दादांची, म्हणजे आप्पांच्या चुलतभावाची, शेतसंरक्षणाच्या परवान्यावरची. (अशा बंदुका सिंधुदुर्गात आजही आहेत. निवडणूक लागली की त्या पोलीस ठाण्यात जमा करायला लावतात.) दादा खिंडीत बसलेले, शेजारी दारूची पुडी आणि गज घेऊन आप्पा. बाकीचे डबे बडवत, आरोळ्या ठोकत रान हाकत येणार. पहिला हाका फुकट गेला. मग सगळे वहाळाकाठी जेवले, भाकरी आणि भाजलेला सुका बांगडा. मग दुसरा हाका. भेकर कुत्र्यासारखं भुंकतं, हे आप्पा करून दाखवायचे आणि अंगणातली सगळी कुत्री उठून बसायची. मग दादांचा बार. मग दादांच्या खळ्यात केळीच्या पानांवर वाटे.

‘चौदा माणसा, सोळा वाटे,’ आप्पा म्हणायचे आणि थांबायचे. ही आमची जागा होती. आम्ही ओरडायचो, ‘दोन जास्त कोणाचे?’

‘एक बंदुकेचो, एक देवाचो.’

भेकर हे वीस-पंचवीस किलोचं जनावर. साफ केल्यावर सोळा वाटे म्हणजे एका घरात किलोभरही मटण गेलं नसणार. पण त्या गोष्टीतलं मटण आम्ही पंचवीस वर्षं खाल्लं. मला शिकारीबद्दल, गावाबद्दल आणि खरं सांगायचं तर दोस्तीबद्दल जे काही वाटत होतं, ते सगळं त्या चटईवर तयार झालेलं.

म्हणून कॉलेजात असताना ‘द डिअर हंटर’ पाहिला तेव्हा मला तो अमेरिकन सिनेमा वाटलाच नाही. मायकल चिमिनोचा 1978चा सिनेमा. तीन तासांचा, मी तो मोबाइलवर कांदिवली ते चर्चगेट अशा चार फेऱ्यांत पाहिला. पेनसिल्व्हेनियातल्या क्लेअरटन गावातले पोलाद कारखान्यातले कामगार. एकाचं लग्न होतं, आणि व्हिएतनामला जाण्याआधी बाकीचे मित्र डोंगरात हरणाच्या शिकारीला जातात. बूट विसरलेल्या मित्रावर मायकल भडकतो, कारण तो दर वेळी काहीतरी विसरतो. हे भांडण मी ओळखत होतो. आमच्याकडे दर गोष्टीत एक काका काडेपेटी विसरायचा. शिकार करून ते परततात, गाडीच्या बॉनेटवर हरीण बांधलेलं, आणि रात्री बारमध्ये एक मित्र पियानोवर शोपां वाजवतो. कोणी बोलत नाही. सिनेमातली ती सगळ्यात सुंदर दोन-तीन मिनिटं आहेत. पुरुषांची मैत्री इतकी हळुवार मी पडद्यावर क्वचित पाहिली आहे, आणि हे मी आजही म्हणेन.

युद्धानंतर मायकल पुन्हा डोंगरात जातो. हरीण समोर येतं आणि तो नेम सोडून देतो. या प्रसंगावर खूप लिहिलं गेलं आहे. मीही लिहिलं होतं, कॉलेजच्या अंकात, ‘हिंसेच्या पलीकडे’ असं काहीतरी भयंकर शीर्षक देऊन. त्यात मी आप्पांच्या भेकराचा उल्लेखही केला होता. आप्पांनी तो अंक टीव्हीच्या खाली ठेवला, आल्यागेल्याला दाखवायला.

आप्पा मागच्या वर्षी गेले. बारावं गावी केलं. जेवणं आटोपल्यावर खळ्यात एक म्हातारे गृहस्थ उरले होते, वहाळापलीकडच्या वाडीतले. त्या वाडीतल्या लोकांची पंगत आमच्याकडे कधीकाळी वेगळी बसायची. आता बसत नाही, पण ते स्वतःहून कडेला बसले होते. मी जवळ गेलो, कोण कुठला ते सांगितलं, आणि बोलायला काही नव्हतं म्हणून भेकराची गोष्ट काढली. ते हसले. धोतर जरा वर करून त्यांनी मांडी दाखवली. कातडीखाली चार-पाच बारीक, काळपट गाठी. हात लावला तर सरकत होत्या.

छर्रे. 1979चे.

पहिला हाका फुकट गेला नव्हता. पहिल्या हाक्यात रान हललं, दादांनी बार टाकला, आणि तो हाकत येणाऱ्या या माणसाला लागला. त्यांना आंब्याखाली झोपवलं, वर टॉवेल बांधला. दवाखान्यात नेलं असतं तर बंदुकीची जखम म्हणजे पोलिसांत खबर गेली असती. वन्यजीव कायदा 1972चा, म्हणजे शिकारीच्या परवान्याशिवाय भेकर मारणं तेव्हाच गुन्हा होता, आणि दादांचा परवाना गेला असता. मग?

‘मगे काय,’ ते म्हणाले, ‘दुसरो हाको घातल्यानी.’

हे त्यांनी ज्या स्वरात सांगितलं त्यात तक्रार नव्हती. मला ती हवी होती, म्हणून मी विचारलं, तुम्हाला राग नाही आला? त्यावर ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘माझो वाटो माका घरी आणून दिल्यानी. तुझ्या आप्पान स्वता आणलो.’ आणि उठता उठता, ‘त्या गोष्टीत माका घेय काय रे तो?’

मी ‘हो’ म्हणालो. खोटं बोललो.

चारकोपला परतताना रात्रभर गाडीत मी हिशेब करत होतो. माणसं पंधरा. बंदुकीचा एक जास्तीचा वाटा. एकूण सोळा. देवाला काहीच नव्हतं ठेवलेलं. आप्पांनी गोष्टीतून माणूस काढला, पण त्याचा वाटा काढवेना, म्हणून तो देवाच्या नावावर चढवला. ज्याने केळीच्या पानात गुंडाळून वाटा त्या घरी नेला, त्याला तो आकडा बदलता आला नसेल. मी आप्पांना माफ करण्यासाठी हे म्हणत नाहीये. गोष्ट सांगणारे एरवी आकडे फुगवतात. आप्पांचा आकडा पंचवीस वर्षं जसाच्या तसा राहिला, आणि आम्ही दर वर्षी नेमका तोच प्रश्न विचारत होतो. उत्तरही दर वर्षी मिळत होतं.

तेव्हापासून मला शिकारीच्या गोष्टी वेगळ्या दिसायला लागल्या. ‘द डिअर हंटर’ परत पाहिला. या वेळी लॅपटॉपवर, सलग. डोंगरातल्या त्या शिकारीत हाकारे नाहीत. धुकं आहे, कोरस आहे, एक माणूस आहे आणि एक हरीण. एकाच गोळीत जनावर पडलं पाहिजे हा मायकलचा हट्ट. आधी मला तो धर्मासारखा वाटला होता. आता वाटलं, हा हट्ट बंदूक ज्याच्या हातात आहे त्यालाच परवडतो. हरीण सोडून देणंही त्यालाच परवडतं. बॉनेटवरून उतरल्यावर त्या हरणाचे वाटे कसे झाले, कोणी कापलं, कोणाच्या घरी गेलं, यात चिमिनोला रस नाही. बायकाही शिकारीच्या वाटेला नाहीत. त्यांच्यातली एक लग्नाच्या दिवशी बापाचा मार खाते आणि सिनेमा तिथे फार थांबत नाही. शेवटी मित्राच्या अंत्यविधीनंतर सगळे बारमध्ये जमतात, अंडी फेटली जातात, कोणीतरी हळूच देशभक्तीचं गाणं सुरू करतं आणि बाकीचे सूर धरतात. मला आमच्या खळ्यातली बाराव्याची पंगत आठवली. एकत्र जेवणाऱ्या माणसांना एकत्र काहीतरी न बोलायचं असतं, हे त्या दृश्यात फार अचूक आलं आहे. चिमिनोला ते तसं म्हणायचं होतं की नाही याची मला खात्री नाही.

विल्यम फॉकनरला म्हणायचं होतं. त्याच्या 1942च्या ‘गो डाउन, मोझेस’ या पुस्तकात शिकारीचा कॅम्प आहे, दर हिवाळ्यात त्याच जंगलात भरणारा. मुलगा आयझॅक तिथे शिकारी होतो. पहिलं हरीण पडल्यावर सॅम फादर्स त्याच्या चेहऱ्याला रक्त लावतो. सॅम हा एका चिकसॉ सरदाराचा आणि गुलाम बाईचा मुलगा. म्हणजे कॅम्पमधलं सगळ्यात मोठं ज्ञान ज्याच्याकडे आहे, त्याचा त्या कॅम्पच्या मालकीत काही वाटा नाही. ‘द बेअर’ या दीर्घ कथेच्या मधोमध फॉकनर अस्वलाची शिकार बाजूला ठेवतो आणि आयझॅकला घरच्या जुन्या हिशेबाच्या वह्यांसमोर बसवतो. त्या वह्यांत आजोबाने गुलाम बायकांशी, स्वतःच्याच मुलीशी, काय केलं ते जमाखर्चाच्या ओळींत नोंदलेलं आहे. आयझॅक वारसा नाकारतो. हा भाग वाचायला भयानक अवघड आहे, एकेक वाक्य पानंच्या पानं चालतं, आणि कॉलेजात असताना मी तो सरळ गाळला होता. मला अस्वल हवं होतं. आता अस्वलाचा भाग मी भराभर वाचला.

आपल्याकडे व्यंकटेश माडगूळकर तरुणपणी शिकार करायचे आणि पुढे बंदूक ठेवून ते रान नुसतं बघायला, रेखाटायला लागले. ‘नागझिरा’ आणि ‘सत्तांतर’ त्या बघण्यातून आले. मराठी वाचकाला हा प्रवास आवडतो, मलाही आवडतो. पण आमच्या भेकराच्या प्रश्नाला त्याचा उपयोग नाही. आपण बंदूक खाली ठेवली की आधी झालेल्या बाराचं काय?

उपयोग झाला तो ‘फँड्री’चा. नागराज मंजुळेंचा हा 2013चा सिनेमा बहुतेकांनी पाहिला आहे आणि बहुतेकांना शेवटचा दगड आठवतो. मला सध्या त्यातल्या दोन शिकारी आठवतात. पहिली जब्या आणि पिऱ्याची: गलोल घेऊन काळ्या चिमणीमागे रानोमाळ भटकणं. ती मिळत नाही, पण दोस्ती मिळते. कॅमेरा त्यांच्यासोबत रमतगमत चालतो. चिमिनोच्या डोंगरातली मोकळीक या दोन पोरांना माळावर सापडते. दुसरी शिकार डुकराची. कचरू, त्याची बायको, मुली आणि जब्या, सगळं कुटुंब डुकरामागे धावतंय, आणि सगळं गाव, शाळेतली पोरं, बघतंय. कोणी हसतंय, कोणी फोटो काढतंय. इथे प्रत्येक जण हाकारा आहे. बंदूक कोणाकडेच नाही, आणि तरी नेम त्यांच्यावर धरलेला आहे. डुक्कर कोपऱ्यात सापडणार इतक्यात शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं, सगळे ताठ उभे राहतात आणि डुक्कर निघून जातं. पहिल्यांदा थिएटरमध्ये मी इथे हसलो होतो, आख्ख्या थिएटरसोबत.

एका गोष्टीवर मात्र माझं मंजुळेंशी थोडं भांडण आहे. ‘फँड्री’त डुक्कर पकडल्यावर ते काठीला बांधून जब्याच्या घरचे खांद्यावरून नेतात, मागे शाळेच्या भिंतीवर महापुरुषांची चित्रं. ती चौकट इतकी नेमकी आहे की तिचा अर्थ आपल्याला हातात ठेवून मिळतो, आणि मिळाला की आपण सुटतो. वहाळापलीकडच्या त्या गृहस्थांनी मला असं सुटू दिलं नाही. त्यांनी दगड मारला नाही. वाटा घरी पोचला होता हे त्यांनी दोनदा सांगितलं. त्या वाट्यात भरपाई किती, तोंड बंद ठेवण्याची किंमत किती आणि खरीखुरी माया किती, हे मला वेगळं करता येत नाही. आप्पा पान घेऊन स्वतः गेले होते, शिमग्यानंतरच्या त्या दिवसात, वहाळ ओलांडून, ज्या घरात आमच्या घरचं माणूस तेव्हा पाणी पीत नसे. आत बसले का? काही बोलले का? हे विचारायचं मला सुचलं नाही. आणि आता त्या गृहस्थांना फोन करून विचारायचं धाडस होत नाही.

‘द डिअर हंटर’, ‘द बेअर’ आणि आमच्या अंगणातली गोष्ट यांत दोस्ती खोटी आहे असं मी अजूनही म्हणू शकत नाही. त्या खळ्यात वाटे समान पडले होते, वजनाने नसले तरी नजरेने. फक्त आंब्याखाली टॉवेल बांधून पडलेल्या माणसाला दुसऱ्या हाक्याचे डबे ऐकू येत असणार, आणि ते डबे बडवणारे त्याचेच सोबती होते.

या कोजागिरीला अंगणात चटई टाकली गेली. दूध उतरलं. मागच्या कांदळवनातून कोल्हा ओरडल्यासारखं वाटलं, आणि त्यावरून रील काढायला दोघं गच्चीवर पळाले. बाकीची मुलं माझ्याकडे बघायला लागली, कारण आप्पांनंतर गोष्ट मला पाठ आहे असं सगळे धरून चालतात. मी मालवणी नीट बोलत नाही, तरी सुरुवात केली. शिमग्यानंतरचे दिवस. रान सुकलेलं. पाच कुत्रे, एक ठासणीची बंदूक.

‘पंधरा माणसं,’ मी म्हणालो.

‘चौदा,’ माझी सात वर्षांची पुतणी म्हणाली. तिला गोष्ट पाठ आहे.