रंगाखालचे विमान

दुसऱ्या महायुद्धातल्या बाँबफेकी विमानांवर जीव जडलेल्या माणसांच्या आठवणी हा आता एक स्वतंत्र लेखनप्रकारच होऊन बसला आहे. अमके विमान कोठे शिल्लक आहे, त्याच्या शेपटीवर कोणता क्रमांक होता, चारही इंजिने सुरू झाली म्हणजे जमीन कशी हादरे, हे ही मंडळी पोथी वाचावी तशा निष्ठेने सांगतात. त्या निष्ठेची थट्टा करण्याचे कारण नाही. कारंज्यावरून यवतमाळकडे जाणाऱ्या शकुंतला गाडीचे वाफेचे इंजिन १९९४ साली गेले तेव्हा ज्यांना चुकल्याचुकल्यासारखे झाले, त्या आमच्या वाशीम जिल्ह्यातल्या माणसांना हे वेड सहज कळावे.

परंतु एखादी आठवण गोड आहे म्हणून ती पारखू नये, असे थोडेच आहे?

लिबरेटर या अमेरिकन विमानाचीच गोष्ट घ्या. अठरा हजारांहून अधिक लिबरेटर बांधली गेली. आज मोजकीच उरली आहेत, आणि त्यांतली कितीतरी भारतातून गेलेली आहेत. युद्ध संपल्यावर ही विमाने कानपूरला मुद्दाम निकामी करून टाकून दिली होती. हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या कामगारांनी त्यांतली सुमारे चाळीस पुन्हा उभी केली. जमशेद मुन्शी या वैमानिकाने ती अर्धवट दुरुस्त विमाने कानपूरहून बंगलोरला उडवीत नेली. नोव्हेंबर १९४८ मध्ये हवाई दलाची पाचवी स्क्वॉड्रन त्यांवर उभी राहिली. पुढे सहावी स्क्वॉड्रन पुण्याहून त्यांतूनच समुद्रावर टेहळणी करी. १९६८ मध्ये ती निवृत्त झाली. मग कॅनडा, अमेरिका, ब्रिटन येथल्या संग्रहालयांनी ती मागून नेली. एक पालमच्या संग्रहालयात आहे.

आता या विमानांच्या आठवणी वाचा. परदेशी गेलेल्या विमानांना नवे रंग चढले. त्यांतले एक १९८९ साली अमेरिकेत पुन्हा आकाशात झेपावले ते 'ऑल अमेरिकन' हे नाव मिरवीत! मूळ ते ब्रिटिश हवाई दलाला दिलेले. नंतर कित्येक वर्षे भारताचे. ज्या हातांनी ते वाचविले, ते हात या नावात कोठेच नाहीत. आठवणींतही पुष्कळदा असेच घडते: १९४५ पाशी गोष्ट थांबते आणि विमान 'सापडले' तेथून पुन्हा सुरू होते. मधली वीस वर्षे जणू अडगळीची! ही केवळ माहितीची उणीव नव्हे, दृष्टीची आहे.

दुसरी उणीव याहून गंभीर आहे. बंगालमधील सालबनी आणि दिग्री येथल्या तळांवरून ब्रिटिश लिबरेटर ब्रह्मदेश-सयाम रेल्वेवर बाँब टाकीत. त्या रेल्वेवर युद्धकैद्यांबरोबर मलायातल्या मळ्यांवरून नेलेले हजारो तमिळ मजूर राबत होते. 'लिबरेटर' म्हणजे मुक्तिदाता. वरून येणाऱ्या मुक्तिदात्याचा आवाज खाली त्यांना कसा ऐकू आला असेल? विमानवेड्याच्या आठवणीत विमानाचा आवाज भरपूर असतो, पण तो ऐकणारा कान नेहमी आपल्याच बाजूचा असतो.

याउलट जोसेफ हेलर पाहा. तो स्वतः बाँबफेकी विमानातून लढला होता; पण १९६१ च्या 'कॅच-२२' मध्ये विमानापेक्षा आतला घाबरलेला माणूसच मोठा आहे. म्हणूनच विमानाचे एकही चक्र ज्याला ठाऊक नाही, अशा वाचकालाही ती कादंबरी धरून ठेवते.

म्हणजे विमानप्रेमींनी सर्वांनी कादंबऱ्या लिहाव्यात काय? मुळीच नाही. त्यांचा क्रमांकांचा हव्यास मोलाचाच आहे. त्याच्या आधारानेच तर एका विमानाचे तीन देशांतले आयुष्य उलगडता येते. मागणे एवढेच, की क्रमांक लिहिताना दुरुस्ती करणाऱ्याचा पाना आणि खाली राबणाऱ्याचे घमेले यांनाही ओळभर जागा द्यावी. तेवढ्याने विमानाची शोभा उणावणार नाही. आठवण मात्र खरी होईल.