डोळ्यांची साक्ष : दोन ग्रंथ आणि एक जुना अहवाल

समोरची वस्तू किती दूर आहे आणि ती किती वेगाने आपल्याकडे येत आहे, हे आपल्याला कसे कळते? प्रश्न इतका साधा वाटतो की त्यावर कोणी आयुष्य वेचले असेल, असे सहसा मनात येत नाही. डोळे उघडे असले की दिसते, एवढेच उत्तर आपण देतो. या उत्तराने समाधान न झालेल्या दोन विद्वानांचे ग्रंथ निवृत्तीनंतरच्या सवडीत प्रस्तुत लेखकाने वाचले. पहिला जेम्स गिब्सन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा 'दि इकॉलॉजिकल ॲप्रोच टू व्हिज्युअल पर्सेप्शन' (१९७९) आणि दुसरा रिचर्ड ग्रेगरी या ब्रिटिश संशोधकाचा 'आय अँड ब्रेन' (१९६६). दोन्ही ग्रंथ जुने असले तरी या विषयातील वाद आजही त्यांच्याच भोवती फिरतो. त्यांच्याकडे वळण्यास एक खाजगी कारणही होते. ते ओघात येईलच.

आपल्या परंपरेच्या भाषेत या वादाचे स्वरूप चटकन ध्यानात येते. नैयायिकांनी प्रत्यक्ष आणि अनुमान ही दोन वेगळी प्रमाणे मानली. गिब्सनचे म्हणणे असे की, पाहणे हे खरोखरीचे प्रत्यक्ष आहे. डोळ्यांपर्यंत येणाऱ्या प्रकाशातच अंतर आणि गती यांची माहिती पुरेशी असते. ती केवळ टिपायची असते. ग्रेगरीच्या मते पाहणे हेच मुळी अनुमान आहे. डोळ्याच्या पडद्यावर उमटणारे चित्र अपुरे आणि संदिग्ध असते. मेंदू पूर्वानुभवाच्या आधारे त्याचा अर्थ लावतो, आणि तो अर्थ म्हणजेच आपल्याला 'दिसणे' होय. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ याने एकोणिसाव्या शतकात मांडलेल्या अबोध अनुमानाच्या कल्पनेचा हा वारसा आहे.

गिब्सनचा विचार पुस्तकांच्या कपाटात जन्मलेला नाही. त्याचे वडील रेल्वेत नोकरीस होते. गाडीच्या शेवटच्या डब्यातून पाहिले की जग आत आत ओढले जाते आणि इंजिनातून पाहिले की तेच जग बाहेर उमलत जाते, हे आपल्याला आठव्या वर्षीच ठाऊक होते, असे त्याने आत्मकथनात नमूद केले आहे. ग्वाल्हेरच्या लष्करात टांग्यातून शाळेत गेलेल्या माझ्या पिढीला हे निराळे समजावून सांगायला नको. मागच्या बैठकीवर पाठमोरे बसले की सडक, दुकाने, झाडे आकसत एका बिंदूत विरून जात. टांगेवाल्याच्या शेजारी जागा मिळाली की तीच सडक दोन्ही बाजूंना फाकत अंगावर येई. आपण हे पाहिले आणि विसरलो. गिब्सनने त्यातून सिद्धान्त उभा केला. ज्या बिंदूपासून सारे दृश्य उमलते तो बिंदू म्हणजे आपली दिशा, आणि उमलण्याची त्वरा ही आपल्या गतीची खूण.

दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या निवडीचे आणि प्रशिक्षणाचे काम करताना त्याच्या असे लक्षात आले की, अंतराविषयीचे ग्रंथगत ज्ञान विमान उतरवणाऱ्याच्या फारसे उपयोगी पडत नाही. त्या ज्ञानात वस्तू जणू पोकळीत तरंगतात. प्रत्यक्षात त्या जमिनीवर असतात. जमिनीचा पोत, म्हणजे गवत, ढेकळे, खडी, दूर जाताना क्रमाने दाट होत जातो आणि तोच अंतराचे माप देतो. नांगरलेल्या विस्तीर्ण शेतात निरनिराळ्या उंचीचे खुंट रोवून त्याने लोकांना त्यांची उंची ओळखावयास सांगितले. सुमारे अर्ध्या मैलावरचा खुंट दिसण्यास कठीण झाला, पण लोकांच्या अंदाजात तो सरासरीने लहान झाला नाही. प्रयोगशाळेत हनुवटी टेकवून एका डोळ्याने पाहणारा मनुष्य आणि शेतातून चालणारा मनुष्य यांचे पाहणे एक नव्हे, हा गिब्सनचा आक्षेप मला निरुत्तर करणारा वाटतो.

या बीजातून निघालेले सर्वांत सुंदर फळ एडिंबरोच्या डेव्हिड ली यांचे आहे. समोरून येणारी वस्तू आपल्यापर्यंत पोहोचण्यास किती वेळ उरला, हे कळण्यासाठी तिचे अंतर आणि वेग स्वतंत्रपणे कळण्याची गरज नाही, असे त्यांनी १९७६ साली दाखवले. वस्तूचा डोळ्यातील आकार आणि तो वाढण्याची त्वरा यांचा भागाकार केला की उरलेला वेळ हाती येतो. माशांसाठी समुद्रात सूर मारणारा गॅनेट पक्षी पंख नेमके केव्हा मिटतो, याचेही स्पष्टीकरण त्यांनी १९८१ साली याच आधारे दिले. अनुमानाचा पसारा टाळून प्रत्यक्षाची बाजू इतक्या थोडक्यात क्वचितच मांडली गेली असेल.

मात्र येथेच गिब्सनच्या ग्रंथाची उणीव जाणवू लागते. चुकीला त्यात फार थोडी जागा आहे. काचेचे दार मोकळी वाट समजून त्यावर आदळणाऱ्या माणसाचा उल्लेख येतो, पण तो अपवाद म्हणून. ग्रेगरीच्या ग्रंथात उलट चूक हीच मुख्य नायिका आहे. दृष्टिभ्रमांतून तो दृष्टीचा स्वभाव शोधतो. त्याने अभ्यासलेल्या एस. बी. या गृहस्थाची हकिगत विसरता येत नाही. लहानपणीच दृष्टी गमावलेल्या या माणसाला पन्नाशी उलटल्यावर शस्त्रक्रियेने दिसू लागले. खोलीतल्या ज्या वस्तूंपर्यंतचे अंतर त्याच्या पावलांना आणि हातांना ठाऊक होते, ते त्याला डोळ्यांनीही बरोबर ओळखता आले. रुग्णालयाच्या उंच खिडकीतून मात्र, हातांनी लोंबकळलो तर पाय जमिनीला टेकतील, असे त्याला वाटले. अंध असताना निर्धास्तपणे रस्ता ओलांडणारा हा माणूस दृष्टी आल्यावर वाहनांना भिऊ लागला. ग्रेगरीची भाषा प्रसन्न आहे आणि वाचकाला तो हाताला धरून नेतो. त्याचा दोष एवढाच की, त्याची बरीचशी उदाहरणे कागदावरील रेघांची आहेत, आणि आपण काही कागदावर राहत नाही.

आता ते खाजगी कारण. राज्य शासनाच्या सेवेत असताना, सुमारे तीस वर्षांपूर्वी, एका मानवरहित रेल्वे फाटकावरील अपघाताची चौकशी माझ्याकडे आली होती. ट्रॅक्टरची ट्रॉली गाडीखाली सापडून चालक मरण पावला होता. त्याचा धाकटा भाऊ बचावला. जबाबात तो पुन्हा पुन्हा एकच सांगत होता : "साहेब, गाडी दिसत होती, पण फार हळू येत होती." इंजिनचालकाच्या नोंदीनुसार वेग ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास होता. दिवस स्वच्छ, रूळ सरळ. चालकाचा निष्काळजीपणा हे कारण मी नोंदवले आणि भावाविषयी लिहिले की, त्याचे कथन मृताचा बचाव करण्यासाठी रचलेले असून अविश्वसनीय आहे. उपाय म्हणून, गाडी पाहूनच फाटक ओलांडावे अशा सूचनेचा फलक लावण्याची शिफारस केली. अहवाल स्वीकारला गेला.

पेन्सिल्व्हेनियाच्या लायबोविट्झ यांनी १९८५ सालीच लिहिले होते की, मोठी वस्तू तितक्याच वेगाच्या लहान वस्तूपेक्षा सावकाश चालल्यासारखी भासते. अवाढव्य विमान उतरताना हवेत रेंगाळल्यासारखे वाटते ते यामुळेच. रेल्वे फाटकांवरील अपघातांशी त्यांनी हा संबंध जोडला. न्यूझीलंडच्या वायकाटो विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ साली प्रयोगाने दाखवले की, मोटारीच्या तुलनेत आगगाडीचा वेग लोक कमी समजतात. यात साध्या गणिताचीही भर पडते. ताशी शंभर किलोमीटर वेगाची गाडी हजार मीटरांवरून पाचशेवर येण्यास अठरा सेकंद लागतात, आणि तेवढ्या अवधीत तिचा दिसणारा आकार दुप्पट होतो. पुढची दुपटी नऊ सेकंदांत, त्यापुढची साडेचार सेकंदांत. म्हणजे रुळाजवळ उभ्या असलेल्या माणसाला गाडी बराच वेळ जागच्या जागी भासते आणि मग एकाएकी अंगावर येते. ली यांचा भागाकार चुकीचा नाही; पण दूरवर आकाराची वाढच इतकी सूक्ष्म असते की डोळा ती टिपू शकत नाही. तो मुलगा खोटे बोलत नव्हता. त्याला जे दिसले तेच तो सांगत होता.

याचा अर्थ चालक निर्दोष होता असा नव्हे, आणि शास्त्राचा असा सोयीस्कर उपयोग करणे मला मान्य नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १३१ नुसार अशा फाटकावर वाहन थांबवून, कोणीतरी उतरून, कोणत्याही बाजूने गाडी येत नाही याची खात्री करणे बंधनकारक आहे. या कलमाचे शहाणपण मला फार उशिरा कळले. गाडी किती दूर आहे, किती वेगात आहे, याचा अंदाज करावयास ते सांगतच नाही. गाडी येत असेल तर थांबावे, एवढेच ते सांगते. कायद्याने जो निर्णय डोळ्यांवर सोपवला नव्हता, तोच माझ्या फलकाने डोळ्यांवर सोपवला.

मग दोहोंपैकी बरोबर कोण? चुकीचे स्पष्टीकरण हवे तेव्हा ग्रेगरीकडे धाव घ्यावी, असे वाटणे साहजिक आहे. पण धुक्याविषयीच्या संशोधनाने मला सावध केले. आमच्याकडे पौष-माघात सकाळी रस्ता दिसत नाही, म्हणून हा विषय जवळचा. कार्डिफच्या स्नोडेन आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली असे मांडले की, धुक्यात दृश्य फिकट झाल्याने चालकाला आपला वेग कमी भासतो आणि तो नकळत वाहन वेगाने हाकतो. भ्रमाचे हे उत्तम उदाहरण म्हणून गाजले. पुढे २०१२ साली प्रेटो आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, त्या प्रयोगात जवळचे आणि दूरचे सारेच सारखे फिकट केले होते. खरे धुके तसे नसते, ते अंतरागणिक दाट होते. तसे धुके पडद्यावर निर्माण केले तेव्हा लोकांना आपला वेग जास्त भासला आणि त्यांनी वाहन हळू चालवले. म्हणजे येथे फसवले ते प्रयोगशाळेच्या धुक्याने. गिब्सन हयात असता तर त्याला याचे नवल वाटले नसते.

म्हणून माझा कौल असा : दोहोंत थोर ग्रंथ गिब्सनचा, परंतु तो अपुरा आहे. ज्या जमिनीवर आपण चालतो, ज्या वेगाने आपले पाय आपल्याला नेतात, तेथे डोळ्यांची साक्ष भरवशाची असते. शेकडो टनांचे वजन ताशी शंभर किलोमीटरने धावू लागले त्याला दोन शतकेही झाली नाहीत. ही साक्ष कोठवर ग्राह्य आणि कोठून पुढे नाही, ती सीमा गिब्सनने आखली नाही. ग्रेगरीने सीमेपलीकडच्या गमती दाखवल्या, पण अलीकडचा मुलूख किती मोठा आहे हे सांगण्यात तो कमी पडला. चौकशी करणाऱ्याला, न्याय देणाऱ्याला, रस्ते बांधणाऱ्याला ती सीमाच तर हवी असते.

ब्रॉडगेज मार्गांवरील मानवरहित फाटके जानेवारी २०१९ पर्यंत काढून टाकण्यात आली. कोठे पूल झाले, कोठे चौकीदार आला. डोळ्यांना शिकवण्यापेक्षा त्यांना तो प्रश्नच न विचारणे, हा उपाय योग्य होता. तो अहवाल आता दुरुस्त होणे नाही. त्यातील 'निष्काळजीपणा' हा शब्द मी आजही खोडणार नाही. 'अविश्वसनीय' हा मात्र येथे मागे घेतो.