भावफलक आणि मूडबोर्ड
(लासलगाव येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल की हे लासलगावात कशाला? पिंटरेस्ट, ड्रिबल, बिहान्स यांच्या गप्पा पुण्या-बंगळुरूच्या स्टुडिओंत व्हायच्या. आमचं म्हणणं वेगळं आहे. डिझायनरांना प्रेरणा पुरवणाऱ्या या साधनांची परीक्षा घ्यायची असेल, तर ती अशा गावात घ्यावी जिथं मोबाइलवरचा एक आकडा बघून कुणीतरी उद्या ट्रॉली भरायची की नाही हे ठरवतं. इथली बाजार समिती १९४७ सालची. इथल्या कांद्याच्या भावाकडे देशभरातून लक्ष असतं. आणि या भागातली मुलं-मुली आता अ‍ॅप आणि वेबसाइटची डिझाइनं करू लागली आहेत. हे बोलणं मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

आधी या साधनांचं श्रेय त्यांना देऊन टाकू. बिहान्स २००६ मध्ये आलं, ड्रिबल २००९ मध्ये, पिंटरेस्ट २०१० मध्ये. त्याआधी जगात कोण काय काम करतंय हे बघायचं तर परदेशी नियतकालिकं आणि महागडे वार्षिक अंक लागत. ते मोठ्या शहरातल्या एखाद-दुसऱ्या ग्रंथालयात असायचे. आज निफाड तालुक्यातल्या मुलीला जे दिसतं तेच लंडनमधल्या मुलाला दिसतं, आणि त्यासाठी दोघांनाही पैसे मोजावे लागत नाहीत. ही मोठी गोष्ट आहे. आम्ही स्वतः ही साधनं वापरतो आणि वापरत राहणार आहोत.

पण ती काय दाखवतात आणि काय गाळतात, हे तपासायला हवं.

ड्रिबलचं उदाहरण घ्या. नाव बास्केटबॉलमधलं आहे. सुरुवातीला प्रश्न साधा होता: सध्या काय करताय? आणि उत्तरासाठी चौकट लहानशी, ४०० बाय ३०० पिक्सेलची. चालू कामाचा एक कोपरा मित्रमंडळींना दाखवायचा, एवढाच हेतू. पुढं त्या कोपऱ्यांवर पसंतीच्या खुणा पडू लागल्या, नोकऱ्या मिळू लागल्या. मग लोक कामाचा कोपरा दाखवायचं सोडून कोपऱ्यासाठीच काम करू लागले. २०१३ मध्ये पॉल अ‍ॅडम्स या डिझायनरने यावर एक गाजलेला लेख लिहिला. दिसायला देखणी पण कुठलाच प्रश्न न सोडवणारी कामं वाढत चालली आहेत, ही त्याची तक्रार होती. एवढ्या वर्षांनंतरही ती जुनी झालेली नाही.

पिंटरेस्टची रीत वेगळी. तुम्ही एक चित्र ठेवलं की ते त्यासारखी दहा पुढं करतं. २०१५ पासून तर चित्रातला एखादा भाग निवडून त्यासारखं काही शोधता येतं. इथं ‘त्यासारखं’ म्हणजे कशासारखं? रंग, आकार, मांडणी. दिसण्यातलं साम्य यंत्राला कळतं. पण ते चित्र कुठल्या कामासाठी होतं, कुणी वापरलं, वापरणाऱ्याचं काम झालं की अडलं, यातलं काही चित्राबरोबर येत नाही. उत्तरांचा ढीग मिळतो आणि ज्या प्रश्नांची ती उत्तरं होती ते प्रश्न मागं राहतात.

आता हे प्रत्यक्ष कामावर लावून बघू. समजा, आपल्याला कांद्याचे बाजारभाव दाखवणारं अ‍ॅप करायचं आहे. डिझायनर बसतो, ‘भाव’, ‘अ‍ॅप’ असे शब्द इंग्रजीत टाकतो. समोर काय येतं? गडद पार्श्वभूमी, गोलसर कोपऱ्यांचं कार्ड, मधोमध भला मोठा आकडा, खाली नागमोडी रेघ, शेजारी हिरवा बाण. देखणं असतं, यात वाद नाही. ही सगळी मांडणी शेअर बाजाराच्या आणि क्रिप्टोच्या अ‍ॅपमधली. त्यात कंपनीच्या नावाच्या जागी ‘कांदा, लासलगाव’ असं लिहिलं की काम झालं, असं वाटतं.

ते झालेलं नसतं, आणि का नसतं हे इथल्या कुणालाही डिझाइन न शिकता सांगता येईल.

एका कंपनीचा एक शेअर आणि त्याच कंपनीचा दुसरा शेअर यांत काडीचा फरक नसतो. म्हणून एका क्षणाला त्याचा एकच भाव असू शकतो आणि मोठा आकडा तिथं शोभतो. कांद्याचं तसं आहे का? समितीच्या आवारात ट्रॅक्टर आणि पिकअप रांगेनं लागतात. व्यापारी एकेका वाहनापाशी येतात, माल हातात घेऊन बघतात, बोली होते आणि त्या वाहनाचा भाव ठरतो. पुढच्या वाहनाचा भाव पुन्हा वेगळा. कांदा मोठा की गोल्टी, रंग कसा, पत्ती टिकली आहे का, ओलसर आहे का, यावर सगळं अवलंबून. एका सकाळी इथं जितकी वाहनं, तितके सौदे.

म्हणूनच राज्याच्या कृषी पणन मंडळाच्या भावतक्त्यात एक आकडा नसतो. कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर आणि सर्वसाधारण दर असे तीन रकाने असतात. शिवाय जात किंवा प्रत, परिमाण आणि आवक. यातला ‘सर्वसाधारण’ हा शब्दही नीट समजून घ्यायला हवा. बोलताना आपण त्याला सरासरी म्हणतो. केंद्र सरकारच्या अ‍ॅगमार्कनेटवर त्याच जागी ‘मोडल’ असा शब्द आहे. म्हणजे बेरीज करून भागाकार केलेला आकडा नव्हे. जास्तीत जास्त माल ज्या भावाच्या आसपास गेला, तो भाव.

समजा, एके दिवशी कमीत कमी ७००, जास्तीत जास्त २,१०० आणि सर्वसाधारण १,६०० रुपये क्विंटल असा भाव आहे. तक्ता वाचणारा शेतकरी मनातल्या मनात आपला माल या ७०० ते २,१०० च्या मध्ये कुठंतरी ठेवून बघतो. ‘माझ्यात गोल्टी जास्त आहे, म्हणजे हजाराच्या आत’, असा अंदाज बांधतो. आता त्या देखण्या कार्डावर नुसता १,६०० दिसतो. तो आकडा बघून एखादा ट्रॉली भरून आणतो आणि बोली ८०० ला थांबते. भाव नाकारायचा हक्क त्याला आहे, पण भरलेली ट्रॉली परत न्यायची तर डिझेल, मजुरी आणि अख्खा दिवस त्याच्याच अंगावर पडतो. डिझायनरनं कुठलाही आकडा खोटा लिहिलेला नाही. तरी कार्ड खोटं बोललं.

नागमोडी रेघेचंही तसंच. शेअरचे व्यवहार बाजार चालू असताना क्षणाक्षणाला होतात, म्हणून तिथं सलग रेघेला अर्थ आहे. इथं लिलाव ठरलेल्या वेळी होतात आणि सुटीला बंद असतात. बंद दिवसांवरून रेघ गुळगुळीत पुढं निघून गेली की, जो सौदा झालाच नाही त्याचा भाव पडद्यावर दिसतो. आणि आवक? ती कार्डात कुठंच बसत नाही म्हणून गाळली जाते. आवक किती होती हे न सांगता भाव सांगणं म्हणजे अर्धंच बोलणं.

आता रंगांकडे या. हिरवा म्हणजे वाढ आणि लाल म्हणजे घट, हे आपण इतकं गृहीत धरलंय की प्रश्नच पडत नाही. चीनच्या शेअर बाजारात हे उलट आहे. तिथं वाढ लाल रंगात दाखवतात. म्हणजे हा निसर्गनियम नाही, एक रूढी आहे. कांद्याचा भाव वाढला तर पिकवणाऱ्याला बरं वाटतं, नाशिकच्या किंवा मुंबईच्या स्वयंपाकघरात तीच वाईट बातमी असते. मग बाण हिरवा कुणासाठी? आणि लासलगावात तर ‘लाल’ ही कांद्याची जातच आहे. लाल आणि उन्हाळ हे दोन वेगळे माल, त्यांचे भाव वेगळे. इथल्या पडद्यावर लाल रंग दिसला की भाव पडला समजायचं की लाल कांदा समजायचा? पिंटरेस्टच्या बोर्डावर हा प्रश्न कधीच येणार नाही, कारण तिथल्या कार्डांना लाल कांदा माहीतच नाही.

तिसरी गोष्ट लिपीची. या संकेतस्थळांवरचे बहुतेक नमुने रोमन लिपीत असतात आणि पुष्कळदा भरतीच्या लॅटिन मजकुराने भरलेले असतात. भरतीचा मजकूर नेहमी चौकटीत बरोबर बसतो, कारण तो बसेल एवढाच घेतलेला असतो. तिथं ‘मॅक्स’ला तीन अक्षरं लागतात. आपल्याला ‘जास्तीत जास्त दर’ लिहायचं असतं. वर वेलांटी, खाली उकार. उसन्या कार्डात ओळींमधलं अंतर रोमनच्या मापाचं असलं की मात्रा कापल्या जातात किंवा वरच्या ओळीत घुसतात.

आणि आपल्या गावाचं नाव बघा: लासलगाव. त्यात ‘ल’ दोनदा येतो. मराठी वळणाचा ल आणि हिंदी वळणाचा ल वेगळे असतात, श चंही तसंच. काही फाँटांत मराठी वळणाची अक्षरं आतच ठेवलेली असतात, पण पानाची भाषा मराठी आहे हे सांगितल्याशिवाय ती बाहेर येत नाहीत. हे सांगायला एक ओळ पुरते. ती ओळ राहिली की गावाची पाटी दुसऱ्याच्या वळणात लागते. ही माहिती कुठल्याही मूडबोर्डावर मिळत नाही. मुंबईच्या एक टाइपने ‘मुक्त’सारखा फाँट सर्वांसाठी खुला केला आहे. विंडोजवरचा ‘मंगल’ र. कृ. जोशींनी घडवला. देवनागरीत एवढं काम झालेलं असताना आपण मात्रा कापलेली कार्डं का स्वीकारायची?

कुणी म्हणेल, ‘ग्राहकालाच तसं हवं असतं.’ खरं आहे. ‘नोकरीसाठी तसंच काम दाखवावं लागतं’, हेही खरं आहे. वेळ कमी असतो, पैसे त्याहून कमी. पण मग बाकी हजारो जणांकडे जे कार्ड आहे तेच तुमच्याकडेही असतं. आता तर एक वाक्य लिहिलं की चित्र तयार करून देणारी साधनं आली आहेत. तीही आधी झालेल्या चित्रांवरूनच शिकलेली. तसं कार्ड ती तुमच्यापेक्षा लवकर काढतील. गोल्टीचा भाव वेगळा का निघतो हे तुम्हाला घरबसल्या माहीत आहे. ते ज्ञान त्या कार्डात उतरवणं हे तुमचं काम.

मग ही साधनं वापरायची कशी? आमचं उत्तर एका उदाहरणातच देतो. पणन मंडळाचा तक्ता कुणी आपल्या बोर्डावर लावणार नाही, तो देखणा नाही. मोबाइलवर तर सात रकाने आडवे मावणं कठीण. तेव्हा तो बदलायला हवा, हे मान्य. पण बदलण्याआधी त्याला विचारा: तू हे तीन भाव का धरून ठेवलेस? उत्तर मिळतं, की इथं दिवसाचा भाव म्हणजे एक पट्टा असतो. खालची हद्द, वरची हद्द आणि त्यात नेहमीची जागा.

आता हा प्रश्न हातात घेऊन पुन्हा शोधायला बसा. रोजची खालची हद्द आणि वरची हद्द आणखी कुठं दाखवतात? हवामानात! दिवसाचं किमान आणि कमाल तापमान. आयफोनच्या हवामानाच्या अ‍ॅपमध्ये प्रत्येक दिवसासाठी एक आडवी पट्टी असते, डावीकडे किमान, उजवीकडे कमाल. कांद्याच्या भावाचा जवळचा नातेवाईक शेअर नव्हे, तापमान निघालं. ७०० पासून २,१०० पर्यंत पट्टी, १,६०० वर ठळक खूण, खाली आवक आणि लिलावाची तारीख. लिलाव बंद असेल त्या दिवशी पट्टीच नाही, जागा मोकळी. हे नातं पिंटरेस्टनं आपणहून दाखवलं नसतं, कारण दोन्ही चित्रं एकमेकांसारखी दिसत नाहीत. पण ‘हवामान’ शोधायचं हे कळल्यावर तेच पिंटरेस्ट शेकडो पट्ट्या समोर ठेवतं. साधन तेच, विचारणारा बदलला.

इतर साधनांनाही असेच नेमके प्रश्न विचारता येतात. मॉबिनसारख्या संग्रहात खऱ्या अ‍ॅपचे पडदे क्रमाने बघता येतात. नेट गेलं किंवा ओटीपी आला नाही तर पुढं काय दाखवतात, हे तिथं शोधावं. इंटरनेट आर्काइव्हचं वेबॅक मशीन २००१ पासून सर्वांना खुलं आहे. एखादं पान वर्षानुवर्षं कसं बदलत गेलं ते बघावं आणि जे प्रत्येक बदलात टिकलं ते का टिकलं, याचा विचार करावा. आयआयटी मुंबईच्या आयडीसीचं डी-सोर्स आहे; तिथं आपल्याकडच्या कारागिरीच्या आणि लिपीच्या नोंदी आहेत.

शेवटी एक सवय सुचवतो. बोर्डावर चित्र ठेवलं की त्याखाली दोन ओळी लिहा. हे कोण वाचतं? वाचल्यावर तो काय करतो? या दोन ओळी लिहिता आल्या नाहीत तर चित्र काढून टाका. बोर्ड लहान होईल, पण जे उरेल त्याचा उपयोग होईल.

उन्हाळ कांदा चाळीत भरलेला असतो तेव्हा रोज थोडं वजन घटतं, काही सडतो, काहीला कोंब येतात. आज विकू की थांबू, हा हिशेब त्या घरात रोज रात्री होतो आणि तो आता मोबाइल हातात धरून होतो. त्या मोबाइलवर काय दिसावं हे तुमच्यातलंच कुणीतरी ठरवणार आहे.

प्रश्न असतील तर विचारा. आणि ज्यांना ती पट्टी प्रत्यक्ष काढून बघायची आहे त्यांनी नंतर थांबावं, कागद आणि पेन्सिली आणल्या आहेत.