नफ्याची जुळवाजुळव आणि दिवाळ्याचे भाकीत

कंपनीचे दिवाळे तिच्या हिशेबपत्रकांवरून आधी ओळखता येते काय, या प्रश्नाचे पद्धतशीर उत्तर एडवर्ड आल्टमन यांनी १९६८ साली ‘जर्नल ऑफ फायनान्स’मधील निबंधात दिले. बुडालेल्या ३३ व तगलेल्या ३३ अमेरिकन उत्पादक कंपन्यांच्या हिशेबांतून त्यांनी पाच गुणोत्तरे निवडली, त्यांना भार दिले आणि एक अंक सिद्ध केला. तो १.८१ च्या खाली असल्यास धोका, २.९९ च्या वर असल्यास निर्धास्तता. निबंधाची मांडणी काटेकोर आहे. तो आजही अभ्यासिला जातो हे उगाच नव्हे. तथापि त्यातील एका गृहीताकडे जावे तितके लक्ष जात नाही. लक्षणे वाचणारे आल्टमन असले, तरी ती लिहिणारी स्वतः कंपनीच असते. व्याज व कर वजा जाण्यापूर्वीच्या नफ्याला या सूत्रात सर्वांत मोठा, म्हणजे ३.३ इतका भार आहे. आणि जुळवाजुळव होते ती नेमकी याच आकड्याची.

या जुळवाजुळवीला इंग्रजीत ‘अर्निंग्ज मॅनेजमेंट’ म्हणतात. मराठीत त्याचे शब्दशः ‘नफ्याचे व्यवस्थापन’ केले जाते, आणि व्यवस्थापन हे तर चांगल्या कारभाराचे लक्षण! संज्ञाच अशी सोज्वळ असली म्हणजे संशोधकाचा प्रश्नही सौम्य होतो. घसाऱ्याची मुदत वाढविणे, बुडीत येण्यांची तरतूद कमी धरणे, पुढील वर्षीची विक्री यंदा दाखविणे, यांपैकी पुष्कळसे नियमांच्या चौकटीतही बसू शकते. पण पुढच्या वर्षाकडून उसना घेतलेला नफा त्या वर्षी तुटीच्या रूपाने परत करावा लागतो, आणि ती तूट झाकण्यास मग अधिक मोठी उसनवारी लागते.

ही उसनवारी दिवाळ्याकडे कशी नेते, हे ‘सत्यम कॉम्प्युटर’चे अध्यक्ष बी. रामलिंग राजू यांच्या ७ जानेवारी २००९ च्या पत्रात दिसते. (कंपनीच्या नावातील उपरोधावर पुरेसे लिहून झाले आहे.) सप्टेंबर २००८ च्या तिमाहीचा कार्यकारी नफा ६४९ कोटी रुपये दाखविला होता, पत्राप्रमाणे तो प्रत्यक्षात ६१ कोटी होता. खरी मोलाची कबुली मात्र निराळी आहे. फुगविलेला व्याप खरा वाटावा म्हणून जादा साधने बाळगावी लागली व खर्च वाढला, असे पत्र सांगते. म्हणजे खोटा नफा खरा खर्च निर्माण करतो. जुळवाजुळव धोका केवळ झाकीत नाही, वाढवितेही. या दुसऱ्या अंगाची दखल आल्टमन यांच्या सूत्रात नाही. सरकारने नवे संचालक नेमले आणि एप्रिल २००९ मध्ये टेक महिंद्राची बोली मान्य झाली, म्हणून कंपनी तगली.

जेनिफर जोन्स यांनी १९९१ मध्ये मांडलेली कसोटी हा दोष भरून काढील असे पुष्कळांना वाटते. नफा आणि प्रत्यक्ष रोकड यांतील फरकाचा जो भाग व्यवहाराने उलगडत नाही, तो जुळवाजुळवीचा, असे तिचे सूत्र. परंतु ‘सत्यम’च्या ताळेबंदातील रोख व बँकशिल्लकच ५,०४० कोटींनी खोटी होती. खोट्या नफ्याशेजारी तितकीच खोटी रोकड मांडली की फरक उरतच नाही, आणि कसोटी निमूटपणे अनुकूल कौल देते. तेथे उपयोगी पडले असते ते केवळ बँकेने स्वतंत्रपणे दिलेले शिलकेचे पत्र, आणि ते ताळेबंदाच्या बाहेरचे आहे.