माळावरचं बिऱ्हाड आणि मराठी पडदा

पाऊस सरला की नगर जिल्ह्यातल्या माळांवरून धनगरांचे वाडे हलतात. घोड्यावर बिऱ्हाड, मागे मेंढरांचा कळप. रात्री कुणाच्या तरी रानात वाघर लावून मेंढरं बसवायची आणि लेंडीखताच्या बदल्यात धान्य नाहीतर पैसे घ्यायचे. माणूस, जनावर आणि जमीन यांचा हा जुना व्यवहार मराठी चित्रपटाने फार उशिरा पाहिला.

तो पाहिला भाऊराव कऱ्हाडे यांच्या ‘ख्वाडा’ने (२०१५). दिग्दर्शक याच जिल्ह्यातले. त्यांनी स्वतःची जमीन विकून चित्रपट काढला. आणि कथा कुणाची, तर वनखात्याकडे गेलेली जमीन परत मिळावी म्हणून कोर्टाच्या पायऱ्या झिजवणाऱ्या रघू कऱ्हेची! शशांक शेंडेंनी हा म्हातारा उभा केलाय तो मातीतूनच उगवल्यासारखा. चित्रपटातला आवाज चित्रीकरणाच्या जागीच टिपलेला आहे. त्या ध्वनिमुद्रणाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो अगदी योग्य. मेंढरांचं ओरडणं, वारा, माणसांच्या हाका एकमेकांत इतक्या मिसळतात की कळप हा कुटुंबातलाच एक घटक होतो. उत्तरार्धात मात्र सरपंचाशी झालेलं वैर पुढे येतं आणि जमिनीचा प्रश्न मागे पडतो. ‘बबन’मध्ये (२०१८) तर दुधाच्या धंद्यातला तरुण आहे, पण चारा-पाण्यापेक्षा प्रेम आणि सूडच लक्षात राहतात.

आपल्या ग्रामीण चित्रपटाची ही जुनीच खोड आहे. जब्बार पटेलांच्या ‘सामना’ने साखरेच्या सत्तेला थेट प्रश्न विचारला, पण उसाखालची जमीन आणि पाणी त्या प्रश्नाबाहेरच राहिलं. उमेश कुलकर्णींच्या ‘वळू’त (२००८) सगळं गाव आपली पापं एका बैलाच्या माथी मारतं. कल्पना सुंदर, तरी बैल शेवटपर्यंत रूपकच राहतो.

याला सणसणीत अपवाद ‘फँड्री’चा (२०१३). नागराज मंजुळे यांनी कथा नगरजवळच्या अकोळनेरमध्ये ठेवली. पर्यावरण हा शब्द आपण सगळ्यांचं एकच असावं तसा वापरतो. पण चित्रपटाचा नायक जब्या याला त्याच गावात काटेरी झुडपांतून डुकरामागे धावावं लागतं, आणि बाकीचं गाव कडेला उभं राहून हसतं. कुणाच्या वाट्याला कोणता निसर्ग येतो हे जात ठरवते, एवढं उघडं सत्य मराठी पडद्यावर क्वचितच आलं आहे.

पुढचं काम अजून बाकी आहे. नगर जिल्ह्यातल्याच कर्जत तालुक्यात रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य १९८० पासून आहे, अवघं २.१७ चौरस किलोमीटरचं. काळवीट, लांडगा, मेंढका आणि पिकाची राखण करणारा शेतकरी या सगळ्यांना तेच गवताळ रान हवं आहे. या चौघांनाही सारखाच न्याय देणारा मराठी कथापट मी अजून पाहिलेला नाही.