धुकं, नदी आणि रिकामी चौकट

पडद्यावर जो फोटो आहे तो पीटर डोंब्रोव्स्किस यांचा. टास्मानियातली फ्रँकलिन नदी, ‘रॉक आयलंड बेंड’ नावाचं वळण. मधोमध काळा खडक, दोन्ही बाजूंना गच्च जंगल, वर धुकं, आणि पाणी दुधासारखं. १९८३ च्या निवडणुकीआधी हा फोटो ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या वर्तमानपत्रांत पानभर, रंगीत छापला गेला. ही नदी बुडवणाऱ्या पक्षाला मत देणार का, असा थेट प्रश्न त्याखाली होता. लेबर पक्ष जिंकला, जुलैमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयात ४ विरुद्ध ३ असा निकाल लागला आणि धरण थांबलं. तेव्हापासून एक वाक्य सगळीकडे ऐकू येतं, की एका फोटोनं नदी वाचवली.

मला हे वाक्य पटत नाही. का, ते सांगतो.

याच्या दहा-अकरा वर्षं आधी तिथंच लेक पेडर नावाचं सरोवर होतं. सुमारे ३ किलोमीटर लांबीचा गुलाबीसर वाळूचा किनारा, उन्हाळ्यात त्यावर छोटी विमानं उतरायची. ओलेगास ट्रुखानास या लिथुआनियातून आलेल्या माणसानं त्याचे फोटो वर्षानुवर्षं काढले. १९६७ च्या वणव्यात त्याचं घर आणि स्लाइड्स जळाल्या. तो पुन्हा डोंगरात गेला, पुन्हा काढल्या. होबार्टच्या टाउन हॉलमध्ये त्यानं स्लाइड शो केले, आणि हे करताना तो नोकरीला कुठे होता? जे हायड्रो-इलेक्ट्रिक कमिशन ते सरोवर बुडवणार होतं, तिथंच! फोटो सुंदर होते, लोक भारावून गेले, आणि १९७२ मध्ये सरोवर बुडालं. त्याच वर्षी जानेवारीत गॉर्डन नदीत फोटो काढायला गेलेला ट्रुखानास बुडून वारला. त्याचा मृतदेह शोधून काढणारा माणूस म्हणजे त्याचा शिष्य, डोंब्रोव्स्किस.

म्हणजे फोटोचं सौंदर्य दोन्ही वेळा होतं. दुसऱ्या वेळी सोबत हजाराहून जास्त लोक अटक करून घ्यायला तयार होते, निवडणूक तोंडावर होती, जागतिक वारशाचा करार होता. हे सगळं फोटोच्या नावावर जमा करणं म्हणजे वरातीतल्या घोड्याला लग्नाचं श्रेय देण्यासारखं आहे. (हशा)

बरं, मग फोटोचं स्वतःचं काय? इथे हवामानाकडे बघा. डोंब्रोव्स्किस चार बाय पाच इंचांच्या फिल्मचा लिनहॉफ कॅमेरा वापरायचे. तिपाई लावायची, डोक्यावर काळं कापड घ्यायचं, काचेवर उलटी प्रतिमा बघत फोकस जुळवायचा, आणि एका वेळी फिल्मचा एकच पत्रा. हे ओझं पाठीवर घेऊन दिवसचे दिवस चालायचं. रंगीत स्लाइड फिल्मला कडक ऊन सोसत नाही, उजेड पांढराफटक होतो आणि सावली काळीठिक्कर. ढगाळ, पावसाळी उजेडात मात्र ओल्या दगडाचा, शेवाळाचा, खोडाच्या सालीचा रंग जसाच्या तसा उतरतो. म्हणून इतर लोक तंबूत जाऊन बसतात तेव्हा हा माणूस कामाला लागायचा. धुकं ही त्यांच्यासाठी सजावट नव्हती, कामाची गरज होती. पाणी दुधासारखं दिसतं तेही त्यामुळेच. उजेड कमी, छिद्र बारीक, शटर जास्त वेळ उघडं.

पुढे त्याची फॅशन झाली. आपल्याकडे पावसाळ्यात सह्याद्रीत निघणाऱ्या फोटो सहलींमध्ये भर उजेडात काळा फिल्टर लावून धबधब्याचा कापूस केला जातो, तो याच घराण्यातला. गरज गेली, लकब राहिली.

आता माझी खरी तक्रार. या चौकटीत माणूस नाही. जाहिरातीला तसंच हवं होतं, कुणाचाही हात न लागलेली नदी. पण त्याच नदीकाठी कुटिकिना गुहेत १९८१ मध्ये उत्खनन झालं. दगडी हत्यारं, शिकारीची हाडं, चुलीच्या खुणा, सुमारे २०,००० वर्षांपूर्वीच्या हिमयुगातल्या. टास्मानियाच्या आदिवासींचे पूर्वज तिथं राहत होते. खटल्यात या गुहांचाही आधार घेतला गेला. म्हणजे न्यायालयात माणसाचा माग उपयोगी पडला आणि भिंतीवर लावायला मात्र निर्मनुष्य चित्र निवडलं गेलं! ‘विल्डरनेस’ या शब्दातच ही अडचण आहे. त्याला मी ‘रान’ म्हणत नाही, कारण आपल्या रानात गुराखी असतो, मध काढणारा असतो, देव असतो. तो शब्द रिकामेपणा मागतो, आणि हा फोटो तो पुरवतो.

म्हणून डोंब्रोव्स्किस यांचा मोठेपणा मला दुसरीकडे दिसतो. पुढची स्लाइड लावा... हां, हीच. १९८४, मॅक्वारी बेट, किनाऱ्यावर आलेलं केल्प, म्हणजे राक्षसी समुद्री शेवाळ. आकाश नाही, क्षितिज नाही. ओल्या, चामड्यासारख्या पट्ट्या एकमेकींत गुंतलेल्या, आणि त्या वीतभर आहेत की पुरुषभर, ते कळत नाही. इथं भव्य काही दाखवायचं नाही, कुणाचं मत मागायचं नाही. माणूस चौकटीत इथंही नाही, पण तो वगळलाय असं वाटत नाही, कारण बघणारा अगदी वाकून जवळ आलेला आहे. रॉक आयलंड बेंड मी दोन मिनिटं बघतो. हा फोटो मात्र अजून माझा बघून झालेला नाही. जरा वेळ राहू द्या पडद्यावर, तोवर प्रश्न घेऊ.